नावं ठेवणारी माणसं जिथं बसतात

ताडोब्याला येणारे लोक वाघ तर मागतातच, पण हल्ली सोबत "इथलं काहीतरी ऑथेंटिक" पण मागतात. माझं माहेर चिमूर तालुक्यातलं, कोलारा गेटपासून फार लांब नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या माणसांचे फोन येतच असतात. आधी गेट बुकिंगचं विचारतात, मग जिप्सीचं, आणि सगळ्यात शेवटी जरा लाजत लाजत, की अगं तुमच्याकडचं खरं जेवण कुठं मिळेल आणि रात्री काही लोकसंगीत वगैरे असतं का. प्रश्न चांगलाच आहे, पण उत्तर द्यायची माझी पंचाईत होते, कारण मला विचारायचं असतं की तुम्ही कधी येताय, आणि त्यांच्या सुट्ट्या तर चार महिने आधीच मंजूर झालेल्या असतात.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजातली एक मैत्रीण नवऱ्याला घेऊन आली. रिसॉर्ट चांगलं होतं, नाव सांगत नाही, सांगण्यात अर्थ पण नाही, आजूबाजूला बऱ्याच ठिकाणी हाच प्रकार असतो. मी तिला भेटायला म्हणून रात्री जेवायला गेले तर लॉनवर शेकोटी, भोवती खुर्च्या, आणि बाजूच्या गावातली पोरं डोक्याला मोरपिसं बांधून, कमरेला बिबट्याच्या ठिपक्यांचा कपडा गुंडाळून नाचून राहिली होती. असा ठिपक्यांचा कपडा घालून नाचताना मी तरी आमच्या गावात कोणाला पाह्यलं नाही. थोडा वेळ ते चाललं, लोकांनी मोबाईलवर शूटिंग केलं, मग स्पीकरवर हिंदी गाणी लागली आणि सगळे बुफेकडं वळले. बुफेत पनीर, डाळ तडका, जीरा राईस, आणि कोपऱ्यात एका पितळी भांड्यावर पाटी, "विदर्भ स्पेशल सावजी".

त्या पोरांमधला ढोलकीवाला माझ्या ओळखीचा निघाला. त्याच्या गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, मी त्याला ऐकलेलं आहे, तिथं हा पोरगा असा वाजवतो की खांबाला टेकून बसलेले म्हातारे पण सरळ होऊन बसतात. इथं मात्र एकच ठेका, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नंतर तो किचनच्या मागं चहा पीत उभा होता तिथं मी त्याला म्हटलं, काय रे, आज हात का आखडला? तर म्हणतो, "ताई, इथं कोनाले समजते? हात दुखवून काय करू?"

मला त्याचं बोलणं लई पटलं. त्याला मी नावं ठेवत नाही, रिसॉर्टवाले रातच्या रात पैसे हातात देतात, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, दिवसभर वाकूनही तेवढे सुटत नाहीत, आणि पैसे मिळून राहिलेत तर त्यानं मोरपीस काय, शिंगं बांधली तरी माझी काही तक्रार नाही. पण त्याच्या त्या एका वाक्यात सगळं आलं. "खरं" काय आणि "टूरिस्टसाठी" काय हे ओळखायला लोक कपडे बघतात, वाद्यं जुनी आहेत का बघतात, चूल मातीची आहे का बघतात. मला आता वाटतं की वाजवणाऱ्याकडं आणि चुलीकडं बघूच नये, समोर कोण बसलंय ते बघावं. चुकलं तर चुकलं म्हणणारं माणूस समोर बसलंय का? मीठ कमी पडलं तर तोंडावर सांगणारी एखादी मोठी आई पंगतीत आहे का? असेल तर ती जागा खरी. मग तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या असू द्या नाहीतर ट्यूबलाइट.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघांना नाटकाला नेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथं दिवाळीनंतर, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, लेकीजावई येतात, घरं पाहुण्यांनी फुटायला येतात आणि रात्री नाटक. मंडया संपतात तोवर शंकरपट सुरू होतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, की पुन्हा पाहुणे आणि पुन्हा नाटक. हे होळीच्या आगेमागेपर्यंत चालतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं गाव, तिथं नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावातलं मंडळ तिथं जाऊन कंपनी बुक करतं आणि मग गावात तिकीट लावून पैसे वसूल करतं. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ मधे पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरवाल्यांना झाडीपट्टी थोडी कळली, तोवर आमची नाटकं म्हणजे बाकी महाराष्ट्राला कोणत्या गावचीच नव्हती. टीव्हीवर जाहिरात नाही, धान विकून आलेल्या पैशातून लोक तिकीट काढतात आणि त्या तिकिटावर कंपन्यांचा सीझन चालतो.

मधे एक वाईट काळ येऊन गेला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मधे महाराष्ट्रात परत परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मधे घटनापीठानं शर्यतींचा कायदा कायम ठेवला. बैलांच्या हालाचं जे कोर्टात बोललं गेलं त्यात तथ्य नव्हतंच असं मी म्हणणार नाही, खिळे टोचलेले बैल मी स्वतः पाह्यलेत. पण पट बंद झाला की त्या गावाचं नाटक पण लंगडं व्हायचं हे बाहेरच्यांना समजत नाही. पट नाही तर पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत तर तिकीट कोण घेणार, आणि नाटक नाही तर जावई थांबत नाही, मग मटण कशाला आणायचं. एक कडी निखळली की सगळी साखळीच खाली येते.

तर नाटक. कनात लावलेली, पुढं गादीवाले, मग खुर्च्या, मागं खाली बसणारे. पोस्टरवर दहाची वेळ, म्हणजे अकरा धरायचे. आधी अर्धा तास सत्कार, कोणी एकावन्न रुपये दिले, कोणी माइक दिला, सरपंच, माजी सरपंच, पोलीस पाटील, सगळ्यांना नारळ. मैत्रिणीचा नवरा घड्याळ बघून राहिला होता. मग पडदा उघडला आणि बाजूला बसलेल्या वादकांनी सुरुवात केली, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, अगं हे तर इलेक्ट्रॉनिक आहे. तिला वाटलं होतं डफ आणि टुणटुणं असेल. तसं पाहिजे तर खडी गंमत बघावी लागते, तिथं शाहीर ढोलकी-डफ घेऊन रात्रभर उभे राहून गातात, बाईचं काम अजूनही पोरगाच करतो, आणि तुरा आणि कलगी अशा दोन बाजू एकमेकींना सवाल टाकत पहाट करतात. पण ती हल्ली कमी झाली, जिथं होते तिथं तरणी पोरं उठून जातात. तरण्या पोरांना ऑक्टोपॅड पाहिजे, आणि ती पोरं तिकीट काढतात, म्हणून ऑक्टोपॅड आला. मला यात काही वाईट वाटत नाही. वाईट मला नाटकाच्या मधे घुसडलेल्या त्या नाचाचं वाटतं, कथेशी संबंध नाही, नुसत्या शिट्ट्यांसाठी. पण ते पण तिथंच बसलेल्या बाया बोलतात, "आता पुरे कर वो माय, पुढं चालू दे," आणि कधीकधी कंपनीला खरंच आवरतं घ्यावं लागतं.

दुसऱ्या अंकात नायिकेनं गाणं सुरू केलं. स्वतः गाणारी नटी, प्लेबॅक वगैरे भानगड नाही. गाणं चांगलं चाललं होतं पण ऑर्गनवाल्यानं पट्टी जरा वर धरली असावी, वरच्या जागेला तिचा आवाज ताणला गेला. आमच्या मागं कांबळं पांघरून बसलेले एक आजोबा, बिडी विझवत, आपल्याच तंद्रीत म्हणाले, "पोरगी बराबर हाय, पेटीवाला मारून राह्यला तिले." त्यांच्या बाजूचा म्हणाला, मागच्या साली हाच होता, तेव्हाही असंच केलं. म्हणजे या लोकांना ऑर्गनवाल्याचा मागच्या वर्षीचा हिशोब पाठ. मध्यंतरात बघितलं तर ऑर्गनवाल्याजवळ मंडळाचा एक माणूस जाऊन काहीतरी बोलत होता, आणि तिसऱ्या अंकात पट्टी खाली आली. मैत्रिणीच्या हे लक्षात आलं नाही, मी सांगितलं तेव्हा ती मागं वळून आजोबांकडं बघतच राहिली. त्या ढोलकीवाल्या पोराला रिसॉर्टवर जे मिळत नाही ते हेच, कांबळं पांघरलेला म्हातारा. त्याच्या धाकानं माणूस नीट वाजवतो.

जेवणाचं पण मला तसंच दिसतं. सावजीची पाटी सगळीकडं लागली आहे, आता पुण्यात पण लागते. सावजी मुळात नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण. त्यांच्याच मोहल्ल्यात छोट्या खानावळी निघाल्या, जवसाचं तेल, काळा मसाला, अंगाला घाम फुटेल असा रस्सा, आणि गोळीबार चौकाकडचं गिऱ्हाईक असं की कालच्यापेक्षा आज तिखट कमी झालं तर ताट सरकवेल. तिथं ते खरंच आहे. पण कोलाऱ्याच्या आसपासच्या गावातलं ते जेवण नाही, आणि बुफेतल्या त्या पितळी भांड्यात तर टोमॅटोची ग्रेव्ही होती, वरून लाल तेल सोडलेलं. कोणी बोललं नाही कारण बोलणारं कोणी नव्हतंच, सगळे म्हणाले व्वा, काय झणझणीत.

आमचा रस्सा पातळ असतो. कारण साधं आहे, आम्ही भात खाणारी माणसं, रस्सा भातात जिरला पाहिजे, दाट ग्रेव्ही भातावर नुसती बसून राहते. आणि भाताचं तर मला बोलूच देऊ नका. त्या बुफेतला जीरा राईस बासमतीचा होता. जिथं हे रिसॉर्ट उभे आहेत त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होऊन गेले. थोडीशी जमीन, शिक्षण जेमतेम, पण १९८३ च्या सुमारास पटेल-३ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून निवडून वाण तयार केलं, आणि त्या वेळी सगळ्यांच्या मनगटावर असलेल्या घड्याळावरून त्याला नाव पडलं, एचएमटी. आज कितीतरी राज्यात लोक तो तांदूळ खातात. दादाजी २०१८ साली गेले, शेवटपर्यंत हलाखीतच. आणि त्यांच्या जिल्ह्यात पाहुण्यांना बासमती. म्हणजे तुम्ही ऑथेंटिक म्हणून मातीचं गाडगं ठेवता, कंदील टांगता, आणि ताटातला मुख्य पदार्थच बाहेरून आणता.

मैत्रिणीला मी मोठ्या आईकडं जेवायला नेलं. मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, तिच्या हाताखाली घरातल्या सगळ्या सुना तयार झाल्या आणि तिला आजतागायत एकीचाही स्वयंपाक पसंत पडलेला नाही. त्या दिवशी तलावाची मासोळी होती. आमच्याकडं गावोगावी मामा तलाव आहेत, मामा म्हणजे माजी मालगुजारी, १९५०-५१ मधे मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारचे झाले पण नाव तेच राहिलं. त्यात ढिवर लोक मासे धरतात, हिवाळ्यात शिंगाडे काढतात. बारीक मासोळी, काट्यांची, पातळ रस्सा, वर सांबार म्हणजे कोथिंबीर, एचएमटीचा भात, आणि सोबत लाखोळीचे वडे. या लाखोळीचं पण एक प्रकरणच आहे. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत फेकून द्यायची, आपोआप येते, ना नांगरणी ना पाणी, गरिबाची डाळ. तीच जास्त खाल्ली की पाय लुळे पडतात म्हणून १९६१ साली विक्रीवर बंदी आली, पण घरी खाणारे खातच राहिले, आणि मोठी आई शपथेवर सांगते की डाळ भिजवून पाणी फेकलं की काही होत नाही. डॉक्टरांचं म्हणणं काय ते त्यांना विचारा, मी आपली वडे दोनच खाते.

मोठ्या काकांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी पडला." मोठी आई म्हणाली, "तुमची जीभ गेली." सुनेनं मधेच चाखून सांगितलं की जरा कमीच आहे. त्यावर कोणी टाकलं, किती टाकलं, कोणाचा हात आखडता आहे यावर सगळं घर बोलून राहिलं होतं, आणि मैत्रीण बिचारी मधे बसून काटे काढत. तिला वाटलं भांडणच लागलं. मी म्हटलं जेव तू, हे रोजचं आहे. तिचा नवरा म्हणाला हे रिसॉर्टवाले का ठेवत नाहीत, तर मी त्याच्या ताटाकडं बोट दाखवलं. काट्यांचा ढीग झाला होता आणि त्याचा भात अजून अर्धा पण झाला नव्हता. कोणता मॅनेजर ही जोखीम घेईल.

आता पावसाळ्याचं. एक जुलै ते तीस सप्टेंबर ताडोब्याचं कोअर बंद असतं, टूरिस्ट गायब, जिप्सीवाले आपापल्या बांधीत चिखलात. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडचं सगळ्यात चांगलं गाणं आणि सगळ्यात चांगलं खाणं याच दिवसात असतं. रोवणी, म्हणजे धानाची रोपं लावणं, चालू असते, बायांच्या टोळ्या टेम्पोत बसून गावोगाव रोवायला जातात, आणि वाकलेल्या कमरेनं गातात. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, त्यात धुऱ्यावर छत्री घेऊन उभ्या असलेल्या मालकाला पण सोडत नाहीत, त्याचं नाव घालून जागच्या जागी ओळ बांधतात, तो हसला तर ठीक, रागावला तर अजून एक. हे गाणं रेकॉर्ड करायला गेलं की बाया तोंडाला पदर लावून गप्प बसतात, मी करून पाह्यलंय. खायला म्हणाल तर बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, वारुळावर उगवणाऱ्या सात्या नावाच्या अळंब्या ज्या बाजारात मटणाच्या वर भावानं जातात, बांधीतले खेकडे. मग कानोबा, म्हणजे गोकुळाष्टमी, रात्रभर भजन. मग पोळा आणि त्याच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढं म्हणायच्या टोमण्याच्या ओळी, ज्यात आमदारापासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांची काढून घेतात. मग भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, पोरी घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा, डबा वाजवून दाखवतात फक्त. गाणं आणि खाणं एकत्र पाहिजे असेल तर याच्यापेक्षा जास्त काय देऊ? पण हे कोणत्याच पॅकेजमधे बसत नाही, कारण तेव्हा वाघ नाही.

भजनाचं वेगळं लिहायला पाहिजे खरं तर. आमच्या भागात तुकडोजी महाराजांची खंजिरी अजून जिवंत आहे, गावागावात मंडळं आहेत. महाराज अमरावतीकडच्या यावलीचे, पण चिमूरच्या जंगलात त्यांनी तपाचे दिवस काढले, गोंदोड्याला त्यांची तपोभूमी आहे, आणि १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर पेटलं त्यामागं त्यांच्या भजनांचा मोठा हात होता, पुढं इंग्रजांनी त्यांना अटकही केली. म्हणजे ज्या रस्त्यानं लोक आज सफारीला जातात त्या मुलखात एका छोट्याशा खंजिरीनं सरकार हादरवलं होतं. संध्याकाळी चिमूरहून जाताना कुठल्याही गावात गाडी थांबवली तर सामुदायिक प्रार्थना ऐकायला मिळू शकते, तिकीट नाही, बुकिंग नाही, चप्पल काढून मागं बसायचं. टाळ चुकला तर बुवा भजन न थांबवता नुसतं त्या पोराकडं बघतात, ते बघण्यासारखं असतं.

म्हणून आता कोणाचा फोन आला की मी आधी महिना विचारते. दिवाळी ते होळीमधे येत असाल तर गाईडला वाघाचं विचारून झाल्यावर एवढं विचारा की जवळपास मंडई किंवा पट कुठं आहे, त्याला नक्की माहीत असतं, बहुतेक त्याला स्वतःलाच जायचं असतं. मंगळवारी पार्क बंद असतो, तो दिवस रिकामा जातो म्हणून लोक हळहळतात, तो गावासाठी ठेवा. घरी जेवायला बोलावलं तर चांगलं झालं म्हणून लगेच कौतुक करू नका, संशय येतो. दुसरी वाढणी मागा. नाटकाला जाताना शाल घ्या, थंडी मरणाची असते, आणि गादीचं तिकीट काढू नका, मागं खाली बसा, बोलणारे सगळे तिथंच असतात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळची सफारी ठेवू नका. नाटक संपतं पहाटे, आणि गेटवर सहाच्या आसपास लाईन लागते. मैत्रिणीच्या नवऱ्यानं दोन्ही जमवलं, नाटकाहून थेट जिप्सीत. पाणवठ्यावर वाघीण बच्च्यांना घेऊन आली तेव्हा हा मागच्या सीटवर घोरत होता, आणि आवाज झाला तर वाघीण जाईल म्हणून त्याला कोणी उठवलं पण नाही.